पाणी काय म्हणते?

"तुमचं राहू द्या साहेब. पाणी काय म्हणते ते पाहू."

एवढं म्हणून दादा काठोकाठ भरलेला गिलास माझ्या टेबलावर ठेवायचे, उकिडवे बसायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजवा डोळा गिलासाच्या काठाशी आणून श्वास रोखायचे. तेवढा वेळ आपणही श्वास रोखायचा, असा अलिखित नियम होता. मग ते टेबलाच्या एका पायाखाली जुन्या नकाशाची चौपदरी घडी सरकवायचे आणि पुन्हा बसायचे. पाणी चारी बाजूंनी सारखं काठाला लागलं की गिलास उचलून ते पिऊन टाकायचे, म्हणजे काम संपलं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की टेबल जरासं डुगडुगतं, पण चालून जाईल. चालून जाणारी गोष्ट दादांना दिसली की ते तिच्या मागेच लागत.

आमची कचेरी सर्वेक्षणाची. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी नवा सर्व्हेअर, तेवीस वर्षांचा, अंगावर मांस नाही. दादा चाळिशीतले खलाशी. नागपुरात समुद्र नाही, नदी म्हणायला नाग नदी, तरी आमच्या खात्यात यंत्र वाहून नेणाऱ्याला खलाशीच म्हणतात. का म्हणतात, ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. दादांकडे दुर्बीण होती, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र. जीप गावाकडच्या रस्त्याला लागली की आम्ही सगळे पोत्यातल्या बटाट्यांसारखे आदळत असू. दादा मात्र यंत्राची पेटी छातीशी धरून सीटपासून दोन बोटं अधांतरी, नुसत्या गुडघ्यांवर तोललेले असत. तासभर तसे. मांड्या थरथरत, पेटी हलत नसे.

"खाली ठेवा ना दादा," मी एकदा म्हटलं.

"धक्का लागला की यंत्र खोटं बोलते साहेब. आन् खोटं बोलून राह्यलं हे आपल्याले समजत बी नाही. कालवा उलटा वाहाते, तवा समजते."

गिलासाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती टाळली तर दादा म्हणतील की याच्या टेबलाचा एक पाय अजून आखूडच आहे. कचेरीत माठाजवळ सहा गिलास होते आणि खिडकीत एक. खिडकीतला दादांचा. पितळी, बुडाशी चेपलेला. दादांचं घर दीक्षेच्या साली बौद्ध झालेलं. तो गिलास वेगळा कोणी ठेवला, का ठेवला, यावर कोणी बोलत नसे. आमचे हेडक्लार्क फार सज्जन गृहस्थ, कधी कोणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त तो गिलास माठाजवळ दिसला की शिपायाला डोळ्यानं खुणावत, आणि गिलास खिडकीत परत जाई. मीही कधी काही बोललो नाही. दादांनी त्याच गिलासाचं मोजमापाचं यंत्र केलं आणि सगळ्या कचेरीची टेबलं त्यानं सरळ केली. हेडक्लार्कचंसुद्धा.

दादा वाडीला राहत, अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे, भाड्याच्या एका खोलीत. नवराबायको दोघंच. वहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं तेच खाटेवर आडव्या. मणक्याचा क्षय. औषध लागू पडत होतं, पण इंजेक्शनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊनच घ्यायची होती, आठवड्यातून दोनदा, दीड वर्ष. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एकही चुकवायचं नाही. चुकवलं तर बाई पुन्हा उभी राहायची नाही."

आता मधला रस्ता. तुमच्यापैकी ज्यांनी तो त्या काळी पाहिला असेल, त्यांना मी काय सांगू. ट्रकांनी तो पार चाळणी केला होता. गोदामांच्या गल्लीच्या तोंडाशीच नाल्यावर एक रपटा होता, म्हणजे पुराचं पाणी वरून जावं म्हणून बांधलेला बुटका पूल, आणि त्याच्या मधोमध घागर मावेल एवढा खड्डा. कुठंही जायचं तर तो ओलांडूनच. वहिनींना बसची पायरी चढवत नसे. टांगा करून पाहिला, सायकलरिक्षा करून पाहिली. दवाखान्यातून परत आल्या की चेहरा राखेसारखा, आणि दोन दिवस कूस बदलता येत नसे. दोन दिवस संपले की पुन्हा जायची वेळ.

एक दिवस दुर्बिणीच्या काचा पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता दादा म्हणाले, "काल तिनं सांगून टाकलं. मी आता जात नाही जी, म्हणे. मेली त घरात मरीन, रिक्षात नाही मरत."

मी पेन्सिलीला टोक करत राहिलो.

"तिचं बराबर हाये," ते म्हणाले. "इतके वर्ष यंत्र सांभाळलं. माणूस सांभाळाले काही सामानच नाही माह्यापाशी." मग काचेवर फुंकर मारली आणि विचारलं, "साहेब, सायकलीले पुढून-मागून स्प्रिंगा लावल्या तं?"

मी हसलो. आज तशा सायकली दुकानात टांगलेल्या दिसतात, डोंगरावरून उड्या मारायला पोरं घेतात. तेव्हा सायकलीची स्प्रिंग म्हणजे सीटखालची, आणि तीही एका बाजूनं बसलेली. पण दादा विनोद करत नव्हते.

कामठीला छावणीतलं मोडीत निघालेलं सामान विकणारा एक दुकानदार होता. पुढच्या रविवारी दादा मला तिथं घेऊन गेले. दुकानदारानं रंग मारलेल्या, घंटी लावलेल्या चार सायकली पुढे केल्या. दादांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मागच्या ढिगात शिरले, एकेका सायकलीचा पाइप पान्यानं वाजवून त्याला कान लावू लागले. शेवटी जी ओढून काढली, ती दुकानातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कुरूप होती. हिरवी, म्हशीसारखी जड, मडगार्ड चेपलेलं, कॅरिअर नाहीच.

"हीच का?" मी विचारलं.

"हिचा पाइप जाड हाये. कापला तरी जीव राह्यते."

दुकानदाराच्या कानावर ते गेलं. "काटने के लिए ले रहे हो, भैया? लोग चलाने के लिए लेते हैं."

"पयले कापतो, मंग चालवतो," दादा म्हणाले.

वाडीत ट्रकदुरुस्तीच्या एका गॅरेजात वेल्डिंगवाले मिस्त्री होते, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांनी ती सायकल आणि दादांनी जुन्या नकाशाच्या पाठीवर काढलेलं चित्र पाहिलं आणि खर्रा थुंकून विचारलं, "साइकिल बना रहे हो कि डोली?" दादांनी विचार करून उत्तर दिलं, "डोलीच समजा." त्यानंतर मिस्त्रींनी चेष्टा केली, पण कामात कसूर केली नाही.

एकदम काही झालं नाही. आधी जाड टायर घातले आणि हवा कमी ठेवली. मग पुढचा चिमटा कापून त्याच्या दोन्ही पायांत ट्रकच्या इंजिनातल्या छोट्या स्प्रिंगा बसवल्या. पहिल्या दिवशी सायकल बेडकासारखी उड्या मारत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि दादा तिच्या मागून पळत गेले. स्प्रिंगा बसल्या तर ब्रेक बिघडले. चाक वरखाली झालं की गजाचे ब्रेक आपोआप लागत. गज काढून तारेचे ब्रेक घातले. मग मागचा भाग कापला, दाराला असते तशी बिजागरी लावली आणि सीटखाली मोडक्या स्कूटरचा शॉकअप बसवला. त्यामुळे चेन ढिली पडून उतरू लागली, तिला ताणून धरायला एक छोटी चकती आली. शेवटी वेताच्या खुर्चीचे पाय कापून ती मागे बसवली, पाठीला गोधडीची घडी, पाय ठेवायला फळी. एक दुखणं बरं केलं की दुसरं निघत होतं, आणि ते निघालं की दादांचा चेहरा उजळत होता. कचेरीत हेडक्लार्क विचारत, "काय, विमान कुठवर आलं?" सगळे हसत. मीही हसत असे.

दर सुधारणेनंतर परीक्षा. मागच्या खुर्चीत तारेच्या कड्यात कचेरीतून घरी नेलेला तोच पितळी गिलास काठोकाठ भरून बसवायचा, गल्लीतून निघायचं, रपटा ओलांडायचा आणि परत यायचं. गिलासाच्या आतून दादांनी खिळ्यानं बोटाबोटावर रेघा ओढल्या होत्या. सोमवारी कचेरीत आले की पहिली बातमी तीच.

"चार बोटं सांडलं."

"अडीच."

"काल दोनच. पुढच्या स्प्रिंगीले तेल पाजलं."

तोवर वहिनी रिक्षातूनच जात होत्या, नुसत्या दादांच्या शब्दावर. "दोन महिने सोस वं, मंग नाही," असं त्यांनी सांगितलं होतं. दोनाचे चार महिने झाले. त्या कधी बोलून दाखवत नव्हत्या, पण खाटेवरून त्यांचं लक्ष दाराशी उभ्या त्या हिरव्या सायकलीवर असे.

एका रविवारी अर्धं बोटसुद्धा सांडलं नाही. मला वाटलं, झालं. दादांना तसं वाटलं नाही.

"पाण्याले हाड नाही साहेब. हाडाचं माणूस बसवून पाहा लागते." मग माझ्याकडे खालून वर पाहत म्हणाले, "तुमचं वजन किती?"

गोदामातल्या काट्यावर मला जोखलं. वहिनींचं वजन दवाखान्याच्या कागदावर होतंच. दोन्हींत फरक अर्ध्या किलोचा. खाटेवरून ते ऐकून वहिनी हसल्या, "या पोराले काही खाऊ घालत जा जी." त्या घरात मी त्यांना हसताना पाहिलेलं ते पहिलं.

पहिल्या रविवारी मी मागच्या खुर्चीत बसून रपटा ओलांडला आणि खरं सांगितलं, की माकडहाडाला लागलं. दादांनी खुर्चीखाली काही तरी ढिलं केलं. दुसऱ्या रविवारी सांगितलं, की खांद्याला हिसका बसला. त्यांनी पाठीची वेताची काठी बदलली. मी सांगतो आणि ते ऐकतात, याची मला गंमत वाटू लागली होती. इतकं नीट आजवर माझं कोणी ऐकलं नव्हतं, घरातसुद्धा.

तिसऱ्या रविवारी मला शहरातल्या महाल भागात मुलगी पाहायला जायचं होतं. अकराला. इस्त्रीची पँट घालून मी दहाला वाडीत पोचलो, म्हणजे एकदा बसून लगेच सटकता येईल. आता हे सांगताना माझी मान खाली जाते, पण सांगतो. रपट्याच्या खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि खालून खट्‌ असा आवाज आला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा. कमरेच्या जरा वर, मणक्यात, सुई शिरावी तशी कळ गेली. लहानशीच होती. माझ्या वयाच्या माणसानं विसरून जावी एवढी.

दादांनी सायकल थांबवली. "काय म्हणता साहेब?"

खरं सांगितलं असतं तर ते तिथंच पाना काढून बसले असते, पुन्हा चक्कर, पुन्हा पाना. मी पँटला ग्रीस लागलं का ते पाहत होतो.

"काही जाणवलं नाही दादा. गादीवर बसल्यासारखं वाटलं. आता वहिनींना न्या."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवशी कड्यात गिलास नव्हता, गिलासाच्या जागी मी होतो. मग त्यांनी मान हलवली आणि विश्वास ठेवला. मी अकराच्या ठोक्याला महालात होतो. ती सोयरीक जुळली नाही, हेही सांगून टाकतो.

त्याच आठवड्यात वहिनी सायकलीवर बसल्या. निळं लुगडं, केस नीट विंचरलेले. गल्लीतले ट्रक ड्रायव्हर चहाचे कप घेऊन उभे राहिले, मिस्त्रींनी खर्रा थुंकून हात जोडले. मी रजा टाकून गेलो होतो, कारण त्या सायकलीत माझाही वाटा आहे असं मी कचेरीभर सांगत सुटलो होतो. दादा लग्नातल्या घोड्याचा लगाम धरावा तशा बेतानं हँडल धरून निघाले. दोन-अडीच तासांनी परत आले. खुर्चीचे पट्टे सोडता सोडता दादांनी विचारलं, "लागलं का वं?"

"काही नाही जी," वहिनी म्हणाल्या. "मले तं झोपच येऊन राह्यली होती."

दादा हसले. त्यांना पुढचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे चार महिने एकही इंजेक्शन चुकलं नाही. हेडक्लार्कनी विमानाची चौकशी बंद केली. एकदा तर त्यांनी स्वतः विचारलं, "बाईंचं कसं आहे?" दादा सांगत, "बरं हाये. रस्त्याचं काही लागत नाही तिले." दर वेळी माझ्याकडे पाहून सांगत, जसं काही ही माझीच देणगी होती. मला तेव्हा बरं वाटायचं.

मग एका सोमवारी ते आले ते सरळ माझ्या टेबलाशी. गिलास पुढे ठेवला. रिकामा. त्याला नवा पोचा पडलेला होता.

"काल धुनं धुऊन राह्यलो होतो," ते म्हणाले. वहिनी आजारी पडल्यापासून घरचं धुणं तेच धूत. "तिच्या लुगड्याच्या पदराले भोकं दिसले. बारीक, ओळीनं. म्हटलं, उंदीर असंल. दुसरं लुगडं पाह्यलं. त्याच कोन्याले तसेच भोकं. मंग समजलं. दात हायेत साहेब. खुर्चीत पदर दातात धरून बसते."

मी गिलासातल्या रेघांकडे पाहत राहिलो.

"मंग गव्हाचं पोतं तिच्या वजनाचं केलं. खुर्चीत बांधलं, त्याच्यावर गिलास ठेवला, आन् रपट्यावर नेलं. गिलास उडूनच गेला. नाल्यात उतरून आणला. रिकाम्या खुर्चीत पाणी सांडत नव्हतं. वजन असलं आन् खड्डा खोल असला की शॉकअप पुरा दबते. लोखंड लोखंडाले लागते. तिथं घासून चकचक झालं हाये."

कचेरीतले सगळे कागदात डोकं घालून बसले होते.

"साहेब, तुम्हाले लागलं होतं का?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी ती घेतली नाही, एवढंच माझ्या बाजूनं. "लागलं होतं," मी म्हटलं.

"कुठं?"

"कमरेच्या वर. रपट्यावर."

"बराबर तिथंच." त्यांनी खिशातून ट्रकच्या टायरचा रबरी तुकडा काढला, अंगठ्याएवढा, नीट तासलेला. टेबलावर ठेवला. "एवढंच पाहिजे होतं मधात. दहा मिनटाचं काम." मग शांतपणे विचारलं, "काहून नाही सांगतलं?"

मुलगी, अकरा वाजता, इस्त्रीची पँट, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि मी दुसरंच बोललो. "तुम्ही इतकी मेहनत घेतली होती दादा. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मले वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. मोजणीत आपण आकडा सांगितला की समोरचा तो परत म्हणून वहीत लिहितो, तसं म्हणाले. रबराचा तुकडा खिशात टाकला, गिलास उचलला आणि स्वतःच खिडकीत नेऊन ठेवला.

संध्याकाळी मी वाडीला गेलो. दादा गॅरेजात रबर बसवत होते. वहिनी एकट्याच होत्या. मी खाटेजवळ बसलो आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला.

"तुम्ही एक डाव खोटं बोलले बाबू. मी चार महिने बोलली. आठवड्यातून दोनदा."

"पण का वहिनी? तुम्ही सांगितलं असतं तर त्यांनी—"

"त्याहीचं तोंड नाही पाह्यलं तुम्ही? 'लागलं का वं' म्हणून इचारते तवाचं?" त्या छताकडे पाहत होत्या. "खरं सांगवतच नाही. पाण्याचं बरं हाये. पाण्याले त्याहीचं तोंड दिसत नाही."

पदराचं टोक त्यांच्या हातात होतं. दादांनी ते रफू केलं होतं, मोठ्या मोठ्या टाक्यांनी.

रबर बसल्यावर खरोखरच काही लागत नव्हतं, असं वहिनी म्हणायच्या. दादा आता त्यांना विचारत नसत. दर फेरीला पाण्याचा गिलास त्यांच्या हातात देत, आणि परत आल्यावर आतल्या रेघा मोजत. पण दिवाळीच्या सुमारास वहिनींच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, आणि थंडी संपेपर्यंत पाय गेलेच. इंजेक्शनं पूर्ण झाली, एकही चुकलं नाही. क्षय बरा झाला. पाय परत आले नाहीत. या रोगात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. त्या चार महिन्यांच्या धक्क्यांनी झालं का, हे मी त्यांना जाऊन विचारू शकलो असतो. दवाखाना कचेरीपासून लांब नव्हता. मी गेलो नाही. मला भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दादा माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. वागले असते तर मला सोपं गेलं असतं. जीपमध्ये माझ्या शेजारी बसत, डब्यातली मिरचीची भाजी पुढे करत, "घ्या साहेब" म्हणत. फक्त त्यानंतर त्यांनी मला एकही गोष्ट विचारली नाही. शेतात यंत्र लावलं की पूर्वी त्याच्या काचनळीकडे बोट दाखवून म्हणत, "पाहा बरं साहेब, बुडबुडा मधात हाये का?" आता स्वतःच वाकून पाहत. गिलास ठेवून टेबलं सरळ करणं चालू होतं. माझ्या टेबलाशी आले की गिलास ठेवत, उकिडवे बसत, डोळा मिटत, आणि न बोलता उठून जात. "तुमचं राहू द्या" हेसुद्धा म्हणत नसत. ते ऐकायला मी रोज कान देऊन बसे.

वर्षभरानं त्यांनी नोकरी सोडली. चार-पाच कोसांवर कळमेश्वरला वहिनींच्या भावाचं घर होतं. तिथं दिवसा वहिनींकडे बघायला माणसं असतील, म्हणून तिकडे जायचं ठरलं. जाताना त्यांनी कचेरीतून एकच वस्तू नेली. खिडकी रिकामी झाली तेव्हा हेडक्लार्क बराच वेळ तिकडे पाहत होते. काही बोलले नाहीत. मीही नाही.

निघायच्या सकाळी मी वाडीला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. सामानाचा छोटा ट्रक पुढे गेला होता. ट्रकच्या केबिनमध्ये वहिनींना बसवायला दादा तयार झाले नव्हते. त्यांनी त्यांना सायकलीच्या खुर्चीत बसवलं, पट्टे लावले, पाय फळीवर नीट ठेवून फडक्यानं बांधले, आणि हातात काठोकाठ भरलेला गिलास दिला. चालवायची नव्हतीच सायकल, हातानं धरून कळमेश्वरपर्यंत पायी न्यायची होती. मी रपट्याच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याच्या कडेला उभा होतो. पुढे जायचं धैर्य झालं नाही.

ते गल्लीतून आले. मागे गोदामातून निघालेले दोन ट्रक त्यांच्या चालीनं येत होते. रपट्याच्या मधोमध दादांनी एका हातानं ब्रेक धरला, दुसरा हात खुर्चीच्या पाठीला लावला आणि चाक खड्ड्यात हळूहळू उतरवलं, हळूहळू वर घेतलं.

"नाही सांडलं जी," वहिनी गिलासाकडे पाहत म्हणाल्या.

दादा चालायचे थांबले.

"पाण्याचं राहू दे वं," ते म्हणाले. "तुह्यं सांग."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वळवून रस्त्याच्या कडेला उभ्या माझ्याकडे पाहिलं. आणि पुन्हा त्यांच्याकडे.

"लागलं," त्या म्हणाल्या. "थोडंसं. डाव्या अंगाले."

दादांनी तिथंच, रपट्यावर, स्टँड लावला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. दादांनी खिशातून पाना काढला, खुर्चीखाली उकिडवे बसले आणि डावा डोळा मिटला.

"आता?" त्यांनी खालून विचारलं.

"अजून," वहिनी म्हणाल्या. "अजून थोडं."